लाईट आली, प्रिंटर गेला

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यातल्या गाळ्यांत पाच-सहा जणांचं ऑफिस असेल, तर तिथे सगळे संगणक एकाच जातीचे क्वचितच सापडतात. हिशेबाच्या टेबलावर विंडोज असतं, कारण टॅली विंडोजवरच चालतं. खोक्यांचं डिझाइन करणाऱ्यासमोर मॅक. कोपऱ्यात विंडोज ७ वर अडकलेला एखादा म्हातारा संगणक, कारण लेबल छापणाऱ्या मशिनचा ड्रायव्हर त्याच्यापुढे आलाच नाही. वर प्रत्येकाच्या हातात फोन. या सगळ्यांना जोडायची वेळ आली की पहिला सल्ला ठरलेला: सगळे एकसारखे घेऊन टाका, कटकट मिटेल. माझं म्हणणं वेगळं आहे. अशा ऑफिसातल्या बहुतेक तक्रारी संगणकांच्या मधल्या जागेत जन्मतात, आणि ती जागा कुणाच्याच टेबलावर नसल्यामुळे तिच्याकडे कुणी बघत नाही. पैसे आणि डोकं तिथे खर्च करावं.

प्रिंटरचंच घ्या. लाईट गेली, अर्ध्या तासाने आली. राऊटर पुन्हा सुरू झाला आणि जोडलेल्या प्रत्येक यंत्राला नव्याने पत्ते वाटू लागला. बरेचसे स्वस्त राऊटर आधीचं वाटप विसरतात. सकाळी १९२.१६८.१.७ हा पत्ता प्रिंटरचा होता, दुपारी तो कुणाच्या तरी फोनला मिळाला. विंडोजमध्ये प्रिंटर बसवताना अनेकदा हाच आकडा पक्का लिहिलेला असतो, त्यामुळे बिल छापायला गेलं की पडद्यावर ‘ऑफलाइन’. मॅक बहुधा प्रिंटरला नावाने शोधतो, म्हणून तिथून छपाई सुरळीत. मग ऑफिसात निकाल लागतो की मॅक भारी आणि विंडोज भिकार! खरं तर चूक दोघांचीही नाही. राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवला आणि राऊटर व स्विच एका छोट्या यूपीएसवर घेतले, की हा आजार जातो. दोन्ही मिळून वीज इतकी कमी खातात की साधा यूपीएसही त्यांना बराच वेळ तगवतो.

फायलींची गोष्टही अशीच. सहसा हिशेबनिसाच्या संगणकावर एक फोल्डर ‘शेअर’ केलेला असतो. तो रजेवर गेला, किंवा विंडोजने भर दुपारी अपडेट लावायला घेतलं, की सगळं ऑफिस थांबतं. सामाईक फायली कुणाच्याच टेबलावरच्या संगणकात नकोत. त्यांच्यासाठी नॅस म्हणतात ती डिस्कची पेटी घ्यावी, किंवा जुन्या संगणकावर लिनक्स टाकून त्यालाच ते काम द्यावं. वेगवेगळ्या जातीच्या संगणकांना ती वाचता येईल का, ही शंका आता जुनी झाली. विंडोज ज्या एसएमबी नावाच्या पद्धतीने फायली देतं-घेतं, ती इतर यंत्रांना शिकवण्याचं काम ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये सुरू केलं. त्यातूनच सांबा हे मोफत सॉफ्टवेअर उभं राहिलं. २०१३ मध्ये अ‍ॅपलनेही तीच पद्धत मॅकची नेहमीची केली.

अडतं ते या पद्धतीच्या जुन्या आवृत्तीपाशी. दहा-बारा वर्षांपूर्वीचं झेरॉक्स मशीन स्कॅन केलेला कागद फोल्डरमध्ये टाकताना एसएमबी-१ वापरतं आणि नवं विंडोज ते नाकारतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीने तर व्यावसायिक संगणकांवर बिनपासवर्डची शेअरिंगही बंद केली. अशा वेळी हार्डवेअरवाला झटपट एसएमबी-१ चालू करून देतो आणि सगळे खूश होतात. हीच पळवाट वापरून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. पुढच्याच महिन्यातल्या नॉटपेट्या व्हायरसने तिचा वापर केला आणि मर्स्क समूहाचं न्हावा शेवा बंदरातलं टर्मिनल ठप्प झालं. त्यापेक्षा झेरॉक्स मशीनला स्कॅन ई-मेलने पाठवायला सांगावं, नाहीतर पेनड्राइव्हवर घ्यावं. थोडी गैरसोय पत्करावी.

मराठी ऑफिसांपुरती आणखी एक गंमत आहे. ‘दुसऱ्या मजल्याचा नकाशा’ असं नाव दिलेली फाइल शोधली तर कधी सापडते, कधी नाही. ‘ऱ्या’मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो: स्वतंत्र ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. एकाने इनस्क्रिप्टने टंकलं, दुसऱ्याने रोमन अक्षरांवरून मराठी करणाऱ्या कीबोर्डने, की एकाच नावाच्या दिसणाऱ्या दोन फायली शेजारी बसू शकतात. म्हणून मराठी नावं सोडायची गरज नाही. सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरायचा, एवढं ठरवलं तरी पुरे.

‘हे सगळं क्लाउडवर टाकलं तर पेटी कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पत्रं, तक्ते, कोटेशनं तिथे खुशाल ठेवावीत. पण डिझाइनची ४ जीबीची फाइल ५० एमबीपीएसच्या लाइनवरून वर चढायला साधारण अकरा मिनिटं लागतात. गिगाबिट केबलवरून ती पेटीत पोचायला मिनिटभरही पुरतं. शिवाय बाहेर खोदकामात फायबर तुटली तर आपल्याच फायली आपल्याला दिसत नाहीत. केबलऐवजी वायफाय का नको, असंही विचारतात. फोनला वायफायच हवं. पण २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, आणि एका इस्टेटीत राऊटर डझनावारी. त्यात लोखंडी शटर आणि आरसीसीच्या भिंती. जे टेबल हलत नाही त्याला कॅट-६ केबल द्यावी. १०० मीटरपर्यंत ती कुरकुरत नाही.

राहिला सगळे संगणक एकसारखे घ्यायचा सल्ला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, आणि त्यावरचे बरेच संगणक विंडोज ११ साठी चालत नाहीत. ते भंगारात द्यायचे की लिनक्स घालून वापरायचे, हा हिशेब छोट्या मालकाला करावाच लागतो. आज एकसारखे घेतले तरी चार वर्षांनी पुन्हा सरमिसळ होणार. आधीच सरमिसळ गृहीत धरून केलेल्या जोडणीत नवा संगणक कोणत्याही कंपनीचा आला तरी त्याला फक्त केबल, नाव आणि पासवर्ड लागतो.

पेटीचा धोका एकच, पण मोठा. सगळं तिच्यातच असतं. तिच्यात दोन डिस्क असल्या की बॅकअप झाला, असं समजू नये. खंडणीखोर व्हायरस सामाईक फोल्डरमध्ये शिरला तर दोन्ही डिस्क एकदमच कुलूपबंद करतो. नोंदणीकृत कंपन्यांना हिशेबाचा बॅकअप रोज, भारतातल्याच सर्व्हरवर ठेवण्याचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहे. इतरांनीही तो पाळायला हरकत नाही. त्याखेरीज एक सुटी डिस्क असावी, कॉपी झाली की काढून ठेवलेली. आणि पेटी, राऊटर, यूपीएस जमिनीवर नकोत. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्याखाली होतं, नालासोपाऱ्यात रूळही दिसत नव्हते. तळमजल्याच्या गाळ्यात हे सामान भिंतीवर खांद्याच्या उंचीला बसवावं, आणि सुटी डिस्क दर शनिवारी वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी जावी.