दिवसाची लाईट आणि हळदीचे चुलाण

शिमग्याच्या आगेमागे वसमत-कळमनुरीच्या शिवारात हळद शिजायला लागते. ट्रॅक्टरने ओढत आणलेला कुकर शेताच्या कडेला उभा राहतो. मधोमध पाण्याची टाकी, तिच्याखाली भट्टी, बाजूला वाफेचे ड्रम. ओले कंद ड्रममध्ये भरायचे, झाकण आवळायचे, वाफ सोडायची आणि तासाभराने एखादा कंद काढून त्यात काडी टोचायची. काडी सहज आत गेली की घाणा उतरवायचा. मग पंधरवडाभर ऊन आणि त्यानंतर ढोलात पॉलिश. तेव्हा कुठे ती हळद हिंगोलीच्या संत नामदेव मार्केटात लिलावाला येते. या एका कंदात तीन प्रकारची ऊर्जा खर्ची पडलेली असते. नऊ महिने पाणी देणाऱ्या मोटारीची वीज, भट्टीतले लाकूड आणि वाळवणारे ऊन. सरकारी योजना, जाहिराती, उद्घाटने आणि वर्तमानपत्री मथळे यांच्यात पहिलीचाच बोलबाला असतो. दुसरी हिशेबात धरली जात नाही, तिसरी फुकटची म्हणून कुणाच्या खिजगणतीत नाही. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात हवामानबदलाला द्यायचे उत्तर या तिन्हींचा एकत्र हिशेब मांडल्याखेरीज पुरे होत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पण त्याआधी एक रास्त आक्षेप निकालात काढला पाहिजे. हिंगोलीने हे उत्तर द्यायचेच कशाला? १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला पाच तालुक्यांचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात. औष्णिक वीजकेंद्र नाही, पोलादाची भट्टी नाही, सिमेंटचा मोठा कारखाना नाही. भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आणि अमेरिकेची चौदा टनांच्या जवळपास. त्यातही सेनगाव तालुक्यातल्या शेतमजुराचा वाटा देशाच्या सरासरीहून कितीतरी कमीच असणार. त्याला ‘कार्बन कमी करा’ म्हणून सांगणे म्हणजे उपाशी माणसाला एकादशीचे महत्त्व पटवणे. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पॅरिस करारापुढे किंवा २०७० च्या ‘नेट झीरो’च्या वचनापुढे हिंगोलीचा कोणताही शेतकरी देणेकरी नाही. मात्र ज्या कारणाने तो देणेकरी नाही, नेमक्या त्याच कारणाने त्याला याचा विचार करावा लागतो. कमावलेले काही नसताना फटका त्याच्याच वाट्याला येतो. १९७२ चा दुष्काळ जुन्या लोकांच्या तोंडी अजून आहे. अलीकडच्या काळात दुष्काळ आणि अतिवृष्टी एकाच दशकात, कधी एकाच हंगामात येऊ लागली. जुलै २०२२ मध्ये वसमत तालुक्यातले कुरुंदा पाण्यात गेले. २०२५ च्या सप्टेंबरात उभ्या मराठवाड्याचे सोयाबीन चिखलात कुजले. एखाद्या पुराचे सारे खापर हवामानबदलावर फोडता येत नाही. नाल्यांवरची अतिक्रमणे आणि बुजलेले ओढेही त्याला जबाबदार असतात. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि धरलेले एकदम सोडते, हे भौतिकशास्त्र कुरुंद्याला वेगळे आणि कॅलिफोर्नियाला वेगळे नाही.

कोळशाची वीज आणि मराठवाडा यांचे नाते तर फारच जवळचे आहे. जुलै २०१५ मध्ये परळीच्या औष्णिक केंद्रातले संच बंद करावे लागले. कोळशाची टंचाई नव्हती, पाणी नव्हते. कोळशाच्या केंद्राला एका युनिटमागे साधारण तीन लिटर पाणी लागते, बहुतेक शीतकरणाला. आता एक गणित करून पाहू. पाच एचपीची मोटार म्हणजे ३.७ किलोवॅट. ती वर्षाकाठी हजार तास चालली तर ३,७०० युनिटे. आपल्या ग्रिडच्या सरासरीने युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका मोटारीपायी वर्षाला अडीच टनांच्या वर कार्बन डायऑक्साइड. आणि ती वीज सगळी कोळशाचीच असेल, तर अकरा हजार लिटर पाणी, म्हणजे एक टँकर, कुठेतरी वाफ होऊन गेलेले असते. विहिरीतले पाणी पिकाला चढवण्यासाठी दुसऱ्या कुणाच्या धरणातले पाणी आकाशात सोडायचे, हा व्यवहार ज्या मुलखाने रेल्वेने पाणी आणलेले पाहिले, त्या मुलखाला तरी परवडणारा नाही.

तरीही हिंगोलीचा शेतकरी सौर ऊर्जेकडे वळतो आहे तो कार्बनसाठी नाही आणि परळीसाठीही नाही. त्याला दिवसा लाईट हवी आहे. शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज आळीपाळीने मिळते, एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी म्हणजे पौषाच्या थंडीत बॅटरी घेऊन बांधावर जायचे, साप-विंचवाच्या भीतीने पाय जपून टाकायचा आणि स्टार्टर ओढला की डीपी जळाल्याचे कळायचे. म्हणून अनेकांनी मोटारीला ऑटो बसवले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि मालक घरी झोपलेला असताना भरलेल्या सऱ्यांवरून पाणी वाहत राहते. म्हणजे रात्रीच्या विजेने झोप उडाली, नाही तर पाणी वाया गेले, काही ठिकाणी दोन्ही. दिवसा वीज मिळाली तर या दोन्ही रोगांवर एकच औषध लागू पडते, आणि दिवसाची सर्वांत स्वस्त वीज आज सूर्याची आहे. वातावरण वाचवण्याचे काम इथे दुसऱ्याच एका गरजेच्या पाठीवर बसून येते. त्यात कमीपणा काही नाही. लोक टिकवतात ते सोयीचे असेल तेच.

ही दिवसाची वीज दोन वाटांनी येते. एक, शेतातच पॅनेल लावून चालणारा सौर पंप. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याने दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के भरायचे. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच एचपी, त्यापुढे साडेसात. दुसरी वाट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेची. गावाच्या सबस्टेशनजवळ काही मेगावॅटचा प्रकल्प उभारून सगळा कृषी फीडरच सूर्यावर चालवायचा. माझा कौल जिथे तारा आधीच गेल्या आहेत तिथे निःसंशय दुसऱ्या वाटेला आहे. शेतातल्या पंपाचे पॅनेल पाणी द्यायचे नसते तेव्हा रिकामे तळपत राहते. ऐन पावसाळ्यात आणि चैत्र-वैशाखात विहीर आटल्यावर ते वीज करते, पण ती कुणाच्याच उपयोगी येत नाही. फीडरवरच्या प्रकल्पाची उरलेली वीज तारेने दुसरीकडे जाते. एका मेगावॅटमधून वर्षाला साधारण पंधरा-सोळा लाख युनिटे निघतात, त्यातले एकही बांधावर अडकून पडत नाही. शिवाय खोल बोअरवर तीन एचपीचा सौर पंप दमतो, आभाळ आले की पाण्याची धार बारीक होते, ही तक्रार खोटी नाही. जिथे खांबच नाहीत, औंढ्याच्या डोंगराळ भागातल्या वाड्यांसारख्या ठिकाणी, तिथे मात्र स्वतंत्र पंपाला तोड नाही. नव्या जोडणीसाठी अर्ज करणाऱ्याला ‘सोलरच घ्या’ असे सांगितले जाते, त्याची चीडही समजण्यासारखी आहे. निवड शेतकऱ्याची असायला हवी होती.

कुणी म्हणेल, २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत शेतीची वीज माफच आहे, मग सूर्याची कटकट कशाला? माफीने बिल संपते, रात्रपाळी संपत नाही. आणि माफ वीज फुकटात तयार होत नाही, तिचा बोजा राज्याच्या तिजोरीवर आणि कारखान्यांच्या बिलावर चढतो. ती वीज जितकी स्वस्तात तयार होईल तितकी ती माफी टिकण्याची शक्यता जास्त. दुसरा आक्षेप पॅनेलांचा. ती किंवा त्यांचे भाग बहुतांशी चीनमध्ये कोळशावर तयार होतात, मग स्वच्छ कसली? खरे आहे, पण आपल्या उन्हात पॅनेल स्वतःसाठी खर्ची पडलेली ऊर्जा एक-दोन वर्षांत परत करते आणि पुढे वीस-बावीस वर्षे देतच राहते.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र माझी बाजू लंगडी पडते. वीज दिवसा, मुबलक आणि फुकट झाली की पाणी उपसायला धरबंध राहत नाही. काळ्या पाषाणाच्या या मुलखात भूजल भेगांत आणि मुरमात साठते. वाळूच्या प्रदेशासारखा अथांग साठा खाली नाही. हळदीला नऊ महिने पाणी लागते. सिद्धेश्वरच्या कालव्याखालच्या वसमतला ते एकवेळ जमेल, सेनगावच्या माळावर जमणार नाही. सौर पंपाबरोबर ठिबक सक्तीचे करणे, विहिरींच्या पातळीची नोंद गावाने ठेवणे, पोकरा प्रकल्पाच्या गावांत झाला तसा पाण्याचा ताळेबंद पीक ठरवण्याआधी मांडणे, हे सगळे बोलायला सोपे आहे. खरी अडचण अशी की यातले काहीही पॅनेलसारखे एका दिवसात बसवून फोटो काढता येत नाही. फीडरच्या वाटेत इथे एक छोटा फायदा आहे. वीज ठरावीक तासच येते, त्यामुळे उपशावर आपोआप लगाम राहतो. शेतातल्या पंपाला सूर्यास्ताखेरीज लगाम नाही.

फीडरच्या वाटेतही काटे आहेत. एका मेगावॅटला चार-पाच एकर जागा लागते. खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळते, कोरडवाहू सोयाबीनवाल्याला ते वाईट नाही. पण सरकारी जमीन स्वस्त आणि एकगठ्ठा मिळते म्हणून नजर आधी गायरानाकडे वळते. कागदावर पडीक दिसणारे गायरान मराठवाड्यात क्वचितच पडीक असते. तिथे मेंढ्या चरतात, आणि अनेक गावांत दलित, भूमिहीन कुटुंबे पिढीभर ते कसत आली आहेत. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने याच जमिनींसाठी वर्षानुवर्षे लढा दिला. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटार नाही, सातबारा नाही, त्याच्याच वहिवाटीतली जमीन काढून विहीरवाल्याला दिवसा वीज द्यायची, याला स्वच्छ ऊर्जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. जागा देणाऱ्या ग्रामपंचायतीला तीन वर्षांत मिळणारे पंधरा लाख त्या कुटुंबापर्यंत पोचतात की गावाच्या कमानीत जिरतात, हे ग्रामसभेने आधीच ठरवले पाहिजे.

जलविद्युतेवर फार वेळ घालवायला नको. पूर्णेवरच्या येलदरीचे २२.५ मेगावॅटचे वीजगृह हा या परिसरातला स्वच्छ विजेचा जुना नमुना. ते पाण्यावर चालते, आणि धरणातल्या पाण्यावर सिंचनाचा आणि पिण्याचा हक्क आधीचा आहे. दुष्काळात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

आता भट्टीकडे येऊ. एक क्विंटल ओली हळद उकळीच्या तापमानाला आणायला लागणारी उष्णता ढोबळ हिशेबाने दोन किलो सुक्या लाकडात असते. पण उघड्या चुलाणावर त्या उष्णतेचा दहा-पंधरा टक्केच भाग कामी येतो, बाकी धूर आणि झळ. म्हणजे क्विंटलला दोनऐवजी पंधरा-वीस किलो, आणि एकरी शंभर क्विंटल ओला माल धरला तर दीड-दोन टन लाकूड. वाफेच्या कुकरने चुलाणावरच्या जुन्या कढईच्या मानाने जळण आणि वेळ दोन्ही बरेच वाचवले, तरी भट्टी बहुधा साधीच राहिली. लाकूड पुन्हा उगवते म्हणून ते कार्बनमुक्त, असा युक्तिवाद होतो. बांधावरची बाभूळ छाटून पुन्हा फुटू दिली तर तो खरा, एकदा तोडलेल्या आंबा-चिंचेला तो लागू नाही. इकडे जळण विकत घ्यायचे आणि तिकडे पऱ्हाट्या, तुराट्या बांधावर पेटवून द्यायच्या, हा विरोधाभास दर उन्हाळ्यात दिसतो. त्याच काडीकचऱ्याच्या कांड्या दाबून ‘पांढरा कोळसा’ होतो, तो कारखान्यांच्या बॉयलरला जातो, हळदीच्या भट्टीपर्यंत क्वचित. सगळी पऱ्हाटी जाळू नये हेही खरे, जमिनीला तिची गरज आहे. पण शेतात पेटवण्यापेक्षा भट्टीत पेटवलेली बरी. आणि वाळवणीचे जे ऊन आपण फुकटचे म्हणतो, ते मार्च-एप्रिलच्या अवकाळीने भरवशाचे राहिलेले नाही. पालाखाली झाकलेली हळद काळी पडली की वसमत हळदीला २०२४ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन लिलावात भाव मिळवून देत नाही. पारदर्शक छताचे सौर वाळवणयंत्र ही इथली खरी निकड आहे. वसमतला हळद संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र उभे राहते आहे, त्याच्या कामात बियाण्याइतकीच जागा भट्टी आणि वाळवणीला मिळायला हवी.

हे काम वाटते तितके अवघड नाही, कारण कुकर प्रत्येक शेतकऱ्याच्या मालकीचा नसतो. तो भाड्याने फिरतो. एक कुकरवाला हंगामात कितीतरी शेतकऱ्यांची हळद शिजवतो. पंपासाठी लाभार्थ्यांची यादी हजारोंची करावी लागते, भट्टी सुधारायची तर थोड्याच माणसांना गाठायचे आहे. झाकलेली भट्टी, हवेचा नीट झोत, धुराड्याच्या उष्णतेने आधीच कोमट केलेले टाकीतले पाणी, यात नवा शोध कसलाच नाही, लोहाराच्या दुकानात होणारी कामे आहेत. मात्र जळण बहुतेक ठिकाणी शेतकऱ्याने पुरवायचे असते, कुकरवाल्याला भाडे क्विंटलवर मिळते. लाकूड कमी जळले तर फायदा एकाचा, भट्टी सुधारण्याचा खर्च दुसऱ्याचा. म्हणून अनुदान द्यायचेच तर ते कुकरवाल्याला द्यावे, आणि भाड्याच्या बोलीत जळणाचा आकडा घालावा. एका क्विंटलला किती किलो, ते कुकर शेतात शिरण्याआधीच ठरलेले असावे.