आगीचा हिशेब : देशोदेशींचा आणि आपला

आग लागून नुकसान किती झाले, हा प्रश्न वर्तमानपत्रात दोन आकड्यांत मिटतो. माणसे किती दगावली आणि माल किती रुपयांचा जळाला, एवढे छापले की बातमी संपते. हे दोन आकडे एकमेकांबरोबर चढत-उतरत असावेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण देशोदेशींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर पुष्कळदा एक आकडा चढलेला असतो तेव्हा दुसरा उतरलेला दिसतो. असे का होते, हे ह्या लेखात पाहावयाचे आम्ही योजिले आहे.

८ ऑक्टोबर १८७१ ह्या एकाच रात्री अमेरिकेत दोन मोठ्या आगी लागल्या. शिकागो शहरात सतरा हजारांवर इमारती जळाल्या, सुमारे एक लाख लोक बेघर झाले आणि नुकसान वीस कोटी डॉलरच्या घरात गेले. मृत्यू मात्र तीनशेच्या आसपास झाले. त्याच रात्री उत्तरेकडे विस्कॉन्सिन प्रांतात पेश्टिगो नावाचे लाकूडकटाईचे गाव भोवतालच्या जंगलासह भस्मसात झाले. तेथे व आसपासच्या वस्त्यांत कमीत कमी बाराशे माणसे मेली. कित्येक अंदाज ह्याच्या जवळजवळ दुपटीपर्यंत जातात. आज शाळेच्या पुस्तकांत सापडते ती शिकागोची आग. ज्या आगीत मोलाचा माल जळतो तिचे नाव राहते. विमा कंपन्या तिचे दप्तर ठेवतात, नगरपालिका कायदे करतात आणि इतिहासकारांस साधने मिळतात. पेश्टिगोत जळाले ते लाकडी खोपटांचे गाव आणि त्यात राहणारे मजूर.

१६६६ सालच्या लंडनच्या महाआगीतही असेच झाले. तेरा हजार दोनशे घरे आणि सत्याऐंशी चर्चे जळाली, परंतु नोंदलेले मृत्यू दहांच्याही आत आहेत. गरिबांचे मृत्यू कोणी लिहूनच ठेवले नसावेत, अशी शंका इतिहासकार घेतात आणि ती रास्त आहे. ह्या आगीनंतर विटा-दगडांनीच घरे बांधण्याचा कायदा झाला आणि १६८० च्या सुमारास आगीचा विमा सुरू झाला. विमा कंपन्यांनी स्वतःची बंबवाली माणसे ठेविली व विमा उतरलेल्या घरांच्या भिंतींवर आपापल्या खुणेचे पत्रे ठोकले. ह्याच्या उलट १ सप्टेंबर १९२३ रोजी जपानात भूकंप झाला तो दुपारच्या स्वयंपाकाच्या वेळी, घरोघरी चुली पेटलेल्या असताना. टोकिओ व योकोहामा मिळून एक लाखावर माणसे मेली, त्यांतील बहुतेक भूकंपाने नव्हे तर आगीने. एका मोकळ्या पटांगणावर आश्रयास गेलेले सुमारे अडतीस हजार लोक तेथल्या तेथे जळाले.

आता हिशेबाची रीत पाहू. जिनेव्हा येथील विमासंस्थांच्या एका मंडळाने कित्येक वर्षे निरनिराळ्या देशांतील आगीचा खर्च एकाच साच्यात बसवून प्रसिद्ध केला. त्या साच्यात जळालेल्या मालाची किंमत हा एकच रकाना नाही. कारखाना बंद पडल्याने बुडालेले उत्पन्न, अग्निशामक दलाचा खर्च, विम्याच्या कारभाराचा खर्च, इमारतीत आगीपासून बचावासाठी केलेले जास्तीचे बांधकाम आणि माणसांचे मृत्यू व इजा हे सर्व त्यात धरले जाते. ही बेरीज बहुतेक प्रगत देशांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास येई. अमेरिकेचा २०१४ सालचा असाच एक तपशीलवार अंदाज उपलब्ध आहे. एकूण खर्च ३२ हजार ८५० कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाचा १.९ टक्का. त्यापैकी प्रत्यक्ष हानीचा, म्हणजे माल व माणसे मिळून, भाग साडेपाच हजार कोटींच्या जरा वर. बाकीचा सुमारे पाच-षष्ठांश खर्च आग लागू नये, आणि लागली तर पसरू नये, ह्यासाठी केलेला.

हे गणित आम्ही वर्गात शेकडेवारी शिकविताना घातले, तर मुले चटकन विचारतील की, पाच रुपये राखणीला आणि एक रुपया नुकसानीला, हा कुठला व्यवहार? पण राखणीचे ते पाच रुपये नसते तर नुकसान एकच रुपया राहिले नसते, हे ताळेबंदात कोठेच लिहिलेले नसते. ज्या देशात आगीचा खर्च मोठा दिसतो तो देश आगीने अधिक पोळलेला असतोच असे नाही. कदाचित त्याने दारे, जिने, पाण्याच्या फवाऱ्यांचे नळ आणि धुराची घंटा ह्यांवर पैसा घातलेला असतो.

आता आपल्या देशाचे दप्तर उघडू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१९ साली आगीचे अपघात ११,०३७ आणि मृत्यू १०,९१५ असे आहेत. अमेरिकेत २०२२ साली आगी सुमारे पंधरा लाख आणि मृत्यू ३,७९०. म्हणजे दर चारशे आगींमागे एक मृत्यू. आपल्याकडे मात्र जवळजवळ प्रत्येक आगीला एक माणूस! ह्यावरून भारतातील अग्नी अधिक उग्र आहे असे कोणी म्हणणार नाही. फरक वहीत आहे. तेथे कढईने पेट घेतला तरी नोंद होते. येथे माणूस मेल्याशिवाय पोलिसांच्या वहीचे पान उलटत नाही.

आणि माणूस मेला तरी ते उलटतेच असेही नव्हे. २००९ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. इस्पितळांच्या व मृत्युनोंदीच्या आधारे त्याने असा अंदाज बांधला की, २००१ ह्या एका वर्षात भारतात आगीने सुमारे १ लाख ६३ हजार माणसे मेली. पोलिसांच्या आकड्याच्या हे सहापट होते. त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, बहुतेक पंधरा ते चौतीस वर्षांच्या. जगात इतरत्र आगीत अधिक मरतात ती म्हातारी माणसे व लहान मुले. जपानात तर घरातील आगींत मरणारांत पासष्टीपुढील लोकच बहुसंख्य. तरुण सुना-लेकी मरण्याचा हा प्रकार आपल्या भूखंडाकडचा. “स्टोव्हचा भडका उडाला” हे वाक्य आमच्या पिढीने घरोघर ऐकले आहे, हिंदूंच्या घरी ऐकले तसे मुसलमानांच्या घरीही ऐकले. त्या वाक्याआड कितीदा खरोखरच भडका होता आणि कितीदा हुंडा, मारहाण वा जाच होता, हे त्या घरांच्या भिंतींनाच ठाऊक. पुढे स्वयंपाकाचा गॅस खेडोपाडी पोचला, रॉकेल मागे पडले, आणि नोंदलेले मृत्यू २०२२ साली ७,४३५ पर्यंत खाली आले. घट खरी असेल. पण वही तीच जुनी आहे, हे विसरता येत नाही.

अशी सून गेली तर पैशाच्या रकान्यात काय लिहावयाचे? मिळवती नसेल तर शून्य. घर चालविणे, पाणी भरणे, मुले वाढविणे ह्यांस राष्ट्रीय उत्पन्नात जागा नाही. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मेले. त्या प्रकरणी २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कमी करून ठरविली ती अशी : मृताचे वय विसांवर असल्यास दहा लाख रुपये, विसांच्या आत असल्यास साडेसात लाख. शिक्षकाच्या डोळ्यांना हे आकडे खुपतात, कारण ज्यांचे सारे आयुष्य पुढे होते त्यांची किंमत कमी ठरली. भरपाईची कायद्यातील रीत बुडालेल्या मिळकतीवर उभी आहे आणि विद्यार्थ्याला मिळकत नसते, हा त्याचा खुलासा. अमेरिकेतील सरकारी खाती दुसरी रीत वापरतात. धोका थोडासा कमी व्हावा म्हणून समाज किती खर्च करावयास तयार आहे, ह्यावरून ती एका जिवाचा आकडा काढतात. तो एक कोटी डॉलरच्या वर जातो. आकडा मोठा असला की फायदा असा की, दुसरा जिना बांधणे “परवडत नाही” असे म्हणणाऱ्याला उत्तर देता येते.

श्रीमंत देशांतही हे उत्तर वेळेवर दिले जातेच असे नाही. लंडनच्या ग्रेनफेल इमारतीत १४ जून २०१७ रोजी ७२ माणसे मेली. बाहेरून बसविलेल्या पत्र्यांत जस्ताऐवजी स्वस्त, पोटात ज्वालाग्राही थर असलेला ॲल्युमिनियमचा प्रकार निवडून सुमारे तीन लाख पौंड वाचविले होते. तसल्या धोकादायक भिंती देशभर दुरुस्त करण्यास सोळा अब्ज पौंडांहून अधिक लागतील, असा तेथील सरकारी हिशेबतपासनिसांचा २०२४ चा अंदाज आहे. कुलपाची गोष्ट तर शतकभर जुनी. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शिलाई कारखान्यात २५ मार्च १९११ रोजी १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. एक दार कुलूपबंद होते. त्यावरून अमेरिकेत कायदे झाले. मग तोच शिवणाचा धंदा स्वस्त मजुरीच्या शोधात पूर्वेकडे आला, आणि २४ नोव्हेंबर २०१२ रोजी ढाक्याजवळ ताझरीन कारखान्यात ११० हून अधिक कामगार मेले. तेथेही दारांना कुलपे होती. कपडे मात्र अमेरिकेत व युरोपात विकले जात होते. तेव्हा ही हानी कोणत्या देशाच्या खात्यावर मांडावी?

आम्ही बडोद्यात राहतो, म्हणून घराजवळचेही सांगितले पाहिजे. २४ मे २०१९ रोजी सुरतेच्या एका व्यापारी इमारतीत शिकवणीवर्गाला आलेली २२ मुले गेली. काही धुराने, काही वरून उड्या टाकून. भरूचच्या एका रुग्णालयात १ मे २०२१ रोजी करोनाचे १६ रुग्ण व २ परिचारिका गेल्या. राजकोटच्या खेळघरात २५ मे २०२४ रोजी २७ जण गेले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजपट्टीवर ह्या तिन्ही आगी मिळून एक रेघही उमटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस भागात सोळा हजारांवर बांधकामे जळाली आणि तिसांच्या आसपास माणसे मेली. विमाधारकांचे नुकसानच चार हजार कोटी डॉलरच्या आसपास धरले गेले. जगाच्या आगीच्या ताळेबंदात ते वर्ष त्या आगीचे म्हणून नोंदले जाईल.

ह्या न्यासाचे कितीतरी सभासद कोणत्या ना कोणत्या सभागृहाच्या, वसतिगृहाच्या वा शाळेच्या समितीवर आहेत. त्यांनी दोन आगी विशेष ध्यानात ठेवाव्या. हरियाणातील मंडी डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या वार्षिक समारंभात कृत्रिम धाग्याच्या मंडपाने पेट घेतला. चारशेवर माणसे मेली, त्यांत पुष्कळशी मुले. कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघरातून आग झावळ्यांच्या छपराला लागून ९४ मुले गेली. दोन्हीकडे बाहेर पडण्याची वाट अपुरी होती. मंडप ठरविताना कापड कसले आहे हे आपण भावाइतक्याच आग्रहाने विचारतो का? सभागृहाचे मागले दार समारंभाच्या दिवशी खुर्च्यांच्या थप्पीने अडलेले नाही, हे कोण पाहतो? दार बाहेरच्या बाजूस उघडते का? कारण गर्दी लोटली की आत ओढावयाचे दार उघडतच नाही. आग विझविण्याची लाल नळकांडी भिंतीवर असतात. त्यांच्यावरील तपासणीची तारीख वाचावयास पैसे पडत नाहीत.

शेवटी जगलेल्यांचा खर्च, जो कोणत्याही देशाचा ताळेबंद नीट धरीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार भाजण्याने जगात दरसाल सुमारे एक लाख ऐंशी हजार माणसे मरतात, आणि एकट्या भारतात दहा लाखांहून अधिक मध्यम वा गंभीर प्रमाणात भाजतात. भाजलेली कातडी आवळत जाते, मान छातीला वा कोपर दंडाला चिकटते, आणि मग महिनोन्महिने व्यायाम, पट्ट्या व पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया. पुष्कळशी ही इजा पहिल्या अर्ध्या तासात कमी करता येते : भाजलेला भाग वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावयाचा, बर्फ, दंतमंजन, हळद, शाई, काहीही लावावयाचे नाही, अंगठ्या-बांगड्या सूज येण्यापूर्वी काढावयाच्या, आणि स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालयात न्यावयाचे. पुढील दीर्घ उपचाराचा पैसा मात्र बहुधा घरातील दागिना मोडून उभा राहतो. साहाय्यनिधीतील रकमा आपण एकदाच देतो, शस्त्रक्रियेच्या दिवशी. भाजलेल्या रुग्णाला त्या दर महिन्याला, पट्टी बदलण्याच्या दिवशी, लागत असतात.