प्रादेशिक युवा वाद्यवृंद : संकल्पना, पूर्वपीठिका आणि ग्रामीण महाविद्यालयांची भूमिका
(विंचूर परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश

एकल वादन आणि समूहवादन ही दोन भिन्न कौशल्ये आहेत. आपल्याकडील संगीतशिक्षणाची औपचारिक रचना प्रामुख्याने पहिल्या कौशल्याभोवती उभी आहे. दुसरे कौशल्य ग्रामीण समाजात भजनी मंडळे, वाजंत्री, बँड आणि ढोल-ताशा पथके यांच्या रूपाने जिवंत असले तरी त्यास शिक्षणाची चौकट लाभलेली नाही. प्रादेशिक युवा वाद्यवृंद म्हणजे काय, त्याची पूर्वपीठिका कोणती आणि विंचूरसारख्या गावाच्या परिसरात ग्रामीण महाविद्यालय त्यासाठी काय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील विंचूर हे गाव सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांच्या घराण्यामुळे पेशवाईच्या इतिहासात परिचित आहे. आज त्याची ओळख मुख्यतः लासलगाव कृषी उत्पन्न बाजार समितीचे उपबाजार आवार, कांदा आणि द्राक्षे यांमुळे होते. अशा गावातील तरुण वादकांचा प्रश्न शहरातील वादकांपेक्षा निराळा आहे. येथे लहानपणी मृदंग, पेटी, टाळ किंवा ताशा हाती येतो आणि हरिनाम सप्ताहात व गणेशोत्सवात मुले उत्साहाने वाजवतात. तथापि बारावीनंतर अभ्यास, नोकरीचा शोध आणि शेतीची कामे यांच्या ओघात अनेकांचे वादन सुटते. ज्यांचे सुटत नाही त्यांच्यासमोरही पुढची पायरी कोणती, हा प्रश्न उरतोच. वादकांची संख्या पुरेशी असूनही त्यांना एकत्र शिकवणारी व्यवस्था नसेल तर पिढीगणिक संचित क्षीण होत जाते. महाविद्यालयीन वय हेच या गळतीचे वय असल्याने हा प्रश्न महाविद्यालयांच्या विचारकक्षेत येणे आवश्यक ठरते.

२. युवा वाद्यवृंद : संकल्पना

अनेक वाद्ये एकाच वेळी वाजली म्हणजे वाद्यवृंद होतो असे नाही. प्रत्येक वादकाचा वाटा आधी ठरलेला असणे, आपला वाटा वाजवताना दुसऱ्याचा वाटा ऐकणे आणि आपण वाजवत नसतानाही रचनेच्या कालगणनेत सामील असणे ही वाद्यवृंदाची तीन लक्षणे होत. यांपैकी तिसरे लक्षण शिकण्यास सर्वांत कठीण आहे. एकल वादकास शांत राहण्याचा सराव क्वचितच होतो. वाद्यवृंदात मात्र सोळा आवर्तने थांबून सतराव्या आवर्तनाच्या समेवर नेमके येणे हेही वादनच असते.

युवा वाद्यवृंद हा व्यावसायिक वाद्यवृंदाची लहान प्रतिकृती नसून एक शैक्षणिक संस्था आहे. त्यातील वादक काही वर्षांनी बाहेर पडतात आणि नवे येतात. म्हणूनच त्याला प्राथमिक गट व प्रगत गट अशा पायऱ्या, वाद्यनिहाय स्वतंत्र सराव आणि एकत्रित तालीम यांची गरज असते. ‘प्रादेशिक’ या विशेषणाचा अर्थ असा की एका शाळेत किंवा गावात पुरेसे वादक मिळत नसले तरी पंधरा-वीस गावांच्या टापूत ते मिळू शकतात.

३. पूर्वपीठिका

युवा वाद्यवृंदांची आधुनिक चळवळ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास आकारास आली. १९४५ मध्ये वेल्समध्ये राष्ट्रीय युवा वाद्यवृंद स्थापन झाला आणि १९४८ मध्ये रूथ रेल्टन यांनी ग्रेट ब्रिटनचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंद उभारला. १९७५ मध्ये होसे आन्तोनियो आब्रेउ यांनी व्हेनेझुएलात आरंभिलेल्या ‘एल सिस्तेमा’ या उपक्रमाने वाद्यवृंदाकडे सामाजिक परिवर्तनाचे साधन म्हणून पाहिले आणि त्याचे अनुकरण अनेक देशांत झाले. मात्र २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेफ्री बेकर यांच्या अभ्यासग्रंथाने या उपक्रमातील कठोर अधिकारशाहीवर गंभीर आक्षेप घेतले. वाद्यवृंद मुलांना आपोआप लोकशाही शिकवतो, हे गृहीतक म्हणूनच तपासून घेतले पाहिजे.

भारतीय परंपरेतील उदाहरण याहून जुने आहे. मैहर संस्थानात १९१८ च्या साथीनंतर अनाथ झालेल्या मुलांना घेऊन उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी ‘मैहर बँड’ उभारला. या मुलांना त्यांनी रागांवर आधारित रचना सामूहिकरीत्या वाजवण्यास शिकवल्या. बंदुकीच्या नळ्यांपासून त्यांनी घडवलेले ‘नलतरंग’ हे वाद्य या वृंदाचे वैशिष्ट्य ठरले. वादक कोणत्या घराण्याचे, हा प्रश्न येथे उद्‌भवलाच नाही. मुले होती, उपलब्ध साधने होती आणि रोज शिकवणारा गुरू होता. पुढे त्यांचेच शिष्य पंडित रविशंकर यांनी आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावर वाद्यवृंदाचे कार्य केले.

नाशिक जिल्ह्याशी निगडित असे दोन संदर्भ येथे नोंदवणे उचित होईल. मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे जन्मलेले सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत १८८६ मध्ये बडोद्यात मौलाबक्ष यांच्या नेतृत्वाखाली गायनशाळा सुरू झाली आणि स्वरलेखनाच्या साहाय्याने संगीत शिकवण्याचा प्रयत्न झाला. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिक येथे रामनाम आधाराश्रम उभारला. त्यांच्या निधनानंतर १९३१ मध्ये शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या मंडळाच्या परीक्षांनी संगीत गावोगावी पोहोचवले, हे या परंपरेचे मोठे श्रेय होय. परंतु या परीक्षांत विद्यार्थी परीक्षकासमोर मुख्यतः एकटाच बसतो. समूहात वाजवण्याच्या क्षमतेची पद्धतशीर चढती श्रेणी आपल्याकडे निर्माण झाली नाही.

४. गोवा व मुंबई : दोन धडे

गोव्यात पोर्तुगीज अमदानीपासून चर्चशी संलग्न पॅरिश शाळांत मुलांना स्वरलेखन वाचणे आणि व्हायोलिन वाजवणे शिकवले जाई. छोट्या गावांतील या शाळांतून तयार झालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद सांभाळला. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न मुंबईत केला. या इतिहासाचा धडा स्पष्ट आहे. खेड्यातील मुलाला लिहिलेले संगीत वाचता आले तर त्याच्यासाठी परक्या शहरातील वाद्यवृंदाचेही दार उघडते. गोव्यातच २००९ मध्ये डॉ. लुईस डायस यांनी स्थापन केलेल्या ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ या संस्थेने वंचित मुलांसाठी हाच मार्ग पुन्हा अनुसरला.

मुंबईत १९३५ मध्ये मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात (एन.सी.पी.ए.) २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला तेव्हा भारतीय वादकांची तीव्र कमतरता जाणवली. त्यामुळे त्या संस्थेला पुढे मुलांच्या प्रशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. शिखर आधी आणि पाया नंतर, असा हा उलटा क्रम होता. दुसरा धडा मेहली मेहता यांच्याच कार्यातून मिळतो. अमेरिकेत १९६४ मध्ये त्यांनी स्थापन केलेला ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ हा लॉस एंजेलिसचा नामांकित युवा वाद्यवृंद आर्थिक अडचणींमुळे २०२४ मध्ये बंद पडला. सुमारे साठ वर्षांचा लौकिकही नियमित अर्थव्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही, हे यावरून दिसते.

५. विंचूर परिसरातील वाद्यसंपदा

या परिसराला व्हायोलिन आणि चेलो यांच्यापासून आरंभ करण्याचे कारण नाही. वारकरी परंपरेतील पखवाज, वीणा, टाळ आणि पेटी, गोंधळातील संबळ, मंगलकार्यातील सनई, लग्नाच्या वरातीतील बँडची क्लॅरिनेट व ट्रंपेट आणि पथकांचे ढोल-ताशे ही वाद्ये येथील कानांना परिचित आहेत. जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा-कळवण भागात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात वाजणारी पावरी हे आदिवासी वाद्यही याच प्रदेशाचे आहे. मात्र ही वाद्ये वाजवणारे समाजगट परस्परांसोबत सहसा बसत नाहीत. सनई-संबळ वाजवणारे विशिष्ट जातिसमूहांतून आले आणि त्यांच्या कलेला मागणी असली तरी प्रतिष्ठा मिळाली नाही. पखवाजवादक मुलगा आणि वाजंत्र्याचा मुलगा एकाच तालमीत शेजारी बसणे व दोघांच्या वाट्याचे मोल सारखे असणे, हे अशा वाद्यवृंदाचे सांगीतिक तसेच सामाजिक फलित ठरेल. मुलींच्या बाबतीतही हेच लागू होते. ढोल-ताशा पथकांनी मुलींना वादनात स्थान दिले आहे. तसे स्थान सनई आणि संबळ यांच्या बाबतीत अद्याप घडवावयाचे आहे.

६. समूहवादनातील तांत्रिक प्रश्न

पहिला प्रश्न पट्टीचा आहे. पावरी, सनई, बासरी आणि पेटी यांचे मूळ स्वर वाद्याच्या घडणीतच ठरलेले असतात. उलट पखवाज, तबला आणि तंतुवाद्ये जुळवून घेता येतात. म्हणून वृंदाचा षड्ज ठरवताना न बदलणाऱ्या वाद्यांना प्राधान्य द्यावे आणि बदलणाऱ्या वाद्यांनी त्यांच्याशी जुळवून घ्यावे. पेटीचे स्वर समान अंतराने विभागलेले असल्याने तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा असतो. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर घातलेल्या बंदीमागे अशीही कारणे होती. विद्यार्थ्यांना हा भेद ऐकवून दाखवणे हेच उत्तम श्रवणशिक्षण ठरेल.

दुसरा प्रश्न असमान तयारीचा. येथे भागरचना उपयोगी पडते. उदाहरणार्थ, त्रितालातील एक साधा नगमा घ्यावा. सोळा मात्रांच्या या तालात पहिली, पाचवी व तेरावी मात्रा टाळीची आणि नववी खालीची. पेटी संपूर्ण नगमा वाजवील, बासरी त्याचा केवळ पूर्वार्ध घेईल, तालवाद्यांपैकी एक ठेका धरील आणि संबळ शेवटच्या आठ मात्रांत भर घालून समेवर येईल. नवागत विद्यार्थ्याकडे टाळ देऊन फक्त सम व खाली दाखवण्याचे काम द्यावे. त्याचा वाटा लहान असला तरी चुकीचा पडल्यास सर्वांना ऐकू येतो, त्यामुळे तो तितकाच जबाबदार असतो. तयारी वाढेल तसा तो पुढच्या वाट्याकडे जाईल. एकाच रचनेत तीन-चार इयत्ता सामावण्याची ही पद्धत आहे.

तिसरा प्रश्न लेखनाचा. भातखंडे आणि पलुस्कर यांच्या स्वरलेखनपद्धती मुख्यतः एका ओळीच्या संगीतासाठी सिद्ध झाल्या. त्याच पद्धतीत प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र ओळ एकाखाली एक मांडून मात्रांचे उभे विभाग जुळवले तर प्राथमिक गटाची गरज भागते.

७. संघटन आणि महाविद्यालयाची भूमिका

ग्रामीण उपक्रम बहुधा वेळापत्रकावर मोडतात. निफाड तालुक्यात ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षाची गोडी छाटणी, जानेवारीपासून काढणी, मार्चपासून उन्हाळ कांद्याची काढणी आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी असते. शेतकरी कुटुंबांतील विद्यार्थ्यांवर या काळात कामाचा ताण असतो. म्हणून जून ते सप्टेंबर हा एकत्रित तालमींचा मुख्य काळ ठेवून उर्वरित महिन्यांत गावनिहाय छोटे सराव घेणे व्यवहार्य ठरेल. तालीम सकाळी असावी. सायंकाळच्या तालमीत परतीच्या एस.टी.चा प्रश्न सर्वप्रथम मुलींना बाहेर ठेवतो.

महाविद्यालयाने तीन गोष्टी पुरवाव्यात. पहिली म्हणजे वर्षभर ठरलेल्या दिवशी उपलब्ध असलेली खोली. दुसरी ‘वाद्यपेढी’, म्हणजे ग्रंथालयाप्रमाणे नोंद करून वाद्ये घरी नेण्याची सोय. तिसरी मान्यता. गावातील ज्येष्ठ वाजंत्री, पखवाजवादक आणि बँडमास्तर यांना पदवीअभावी बाहेर न ठेवता मानधनासह अध्यापनात सामील करून घ्यावे. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवात लोकवाद्यवृंद हा स्वतंत्र स्पर्धाप्रकार आहेच. मात्र महोत्सवापूर्वी पंधरा दिवस संघ बांधायचा आणि नंतर तो विसर्जित करायचा, या पद्धतीने शिक्षण घडत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या अनुषंगाने महाराष्ट्रात स्वीकारलेल्या श्रेयांक आराखड्यात सहअभ्यासक्रमांतर्गत सादरीकरणाच्या कलांना स्थान मिळाले आहे. वाद्यवृंदातील नियमित सहभागास श्रेयांक जोडल्यास विद्यार्थ्याला सराव आणि अभ्यास यांपैकी एकाची निवड करावी लागणार नाही.

८. समारोप

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. युवा वाद्यवृंदाचा आधार महागडी वाद्ये नसून नियमित तालीम आणि चढती श्रेणी हा आहे, हे मैहर व गोवा या दोन्ही उदाहरणांतून दिसते. ग्रामीण महाराष्ट्रात वादक आणि वाद्ये आहेत, त्यांना जोडणारी शैक्षणिक रचना घडवावयाची आहे. ही रचना जातिसमूहांत विभागलेल्या वाद्यपरंपरांना एका मंचावर आणू शकते, परंतु त्यासाठी संचालकाचा अधिकार आणि विद्यार्थ्याचा सहभाग यांत संतुलन हवे. विंचूर परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने पंधरा विद्यार्थी, दोन ज्येष्ठ वादक आणि आठवड्याची एक निश्चित सकाळ इतक्यावर आरंभ केला, तरी बारावीनंतर हातातून सुटणारी काही वाद्ये निश्चितच हाती राहतील.