वाचणे आणि आठवणे

दहावीची परीक्षा जवळ आली, की वाकोल्यातील लहानशा घरांत रात्री उशिरापर्यंत दिवा जळतो. मूल तेच पान पाचव्यांदा वाचते आणि धडा पाठ झाला असे आपल्याला वाटते. इथेच आपली फसगत होते. रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात पुन्हापुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतर पुढे होते. आठवड्यानंतर मात्र पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तेव्हा धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आठवेल ते लिहावे, चुकले तेवढेच पुन्हा पाहावे. दोन दिवसांनी आणि आठवड्याने पुन्हा तसेच. आपण पालकांनी पुस्तक हाती घेऊन प्रश्न विचारावेत. इंग्रजी माध्यम आपल्याला झेपत नसेल, तर मुलानेच धडा मराठीत समजावून सांगावा.