रात्री चारदा उठणे : सारेच वयावर घालू नका



एरवी लागण, खोडवा, खते यांविषयी लिहितो. आजचा विषय वेगळा आहे, पण लाजण्यासारखा नाही.

गेल्या हंगामात एक सभासद तोडीची तारीख विचारायला गट ऑफिसात आले. अर्ध्या तासात दोनदा लघवीला बाहेर गेले. म्हणाले, "साहेब, वय झालं. रात्री चार-पाच वेळा उठावं लागतं. म्हणून पाणीच कमी केलंय." पुढे पायाची जखम भरेना, तेव्हा रक्त तपासले. मधुमेह निघाला.

उसाचे पान पिवळे पडले की नत्रच कमी असते असे नाही. चुनखडीच्या रानात लोह कमी असेल, पाणी साचले असेल, नाहीतर मुळाशी हुमणी असेल. लघवीचेही तसेच, कारण शोधावे लागते.

दिवसात सात-आठ वेळा आणि रात्री एखाद्या वेळी जाणे नेहमीचे. चहा, थंडी, रक्तदाबाच्या काही गोळ्या यांनीही खेपा वाढतात. गोळी मात्र मनाने बंद करू नये.

लघवी भरपूर, तहान फार आणि वजन घटते, तर साखर तपासा. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त आली, तर डॉक्टर पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान करतात. पन्नाशीनंतर पुरुषांची धार बारीक झाली, लघवी अडखळत होऊ लागली, तर प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते. थोडी-थोडी, घाईची, जळजळणारी लघवी बहुधा जंतूंमुळे होते. हा त्रास भगिनींना जास्त. रानात आडोसा नाही म्हणून त्या पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात. तसे करू नये. गरोदरपणी जळजळ असल्यास लगेच दाखवावे.

लघवीतून रक्त आले, लघवी पूर्ण अडली, थंडी-तापासह कुशीत दुखू लागले, किंवा फार तहानेबरोबर उलट्या व गुंगी आली, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच वेळी दवाखाना गाठा.

बाकीच्यांनी पाणी तोडू नये. तीन दिवस पाणी किती प्यालो, लघवीला किती वेळा गेलो, हे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील साखरेची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

माती तपासल्याशिवाय खत देऊ नका, असे आम्ही नेहमी सांगतो. तोच नियम शरीराला लावा. तोडीची तारीख कारखाना देईल, तपासणीची तारीख आपणच ठरवायची.