वीराच्या अंताचे चित्रण : ग्रीक कथा आणि अजिंठ्याची 'मरणासन्न राजकन्या'

ग्रीक पुराणकथांतील वीरांचे मृत्यू हा पाश्चात्त्य चित्रकलेचा दीर्घकालीन विषय होय. मात्र चित्रकारापुढे खरा प्रश्न असतो तो कोणता क्षण निवडावा हा. काव्य प्रसंगामागून प्रसंग सांगू शकते. चित्राला एकच क्षण उपलब्ध असतो, हे लेसिंग या जर्मन समीक्षकाने 'लाओकून' (1766) या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीने काही चित्रांची तुलना केली आहे.

ट्रॉयच्या युद्धात अपमानित झालेला अ‍ॅजॅक्स स्वतःच्या तलवारीवर पडून प्राण देतो. अन्य भांड्यांवर तलवारीने भेदलेले त्याचे शरीर रंगविलेले आढळते. अथेन्सचा कुंभचित्रकार एक्झेकियस याने मात्र (सुमारे इ.स.पू. 530) मृत्यूपूर्वीचा क्षण घेतला. अ‍ॅजॅक्स ओणवा होऊन मातीत तलवार रोवतो आहे, शेतकरी रोप लावतो तितक्या काळजीने. समोर त्याची ढाल व रिकामे शिरस्त्राण आहे. फ्रेंच चित्रकार दाविद याच्या 1783 च्या चित्रात हेक्टरचे शव मंचकावर आहे. पण दृष्टी खिळते ती आक्रोश करणाऱ्या त्याच्या पत्नीवर. येथेही शिरस्त्राण बाजूला काढून ठेवलेले आहे.

राजा रविवर्मा यांनी 'जटायुवध' (1906) या चित्रात याउलट घावाचाच क्षण रंगविला. छाटलेला पंख कोसळतो आहे, सीतेने तोंड झाकले आहे. दृश्य प्रभावी आहे खरे, पण प्रेक्षकाच्या कल्पनेसाठी फारसे काही उरत नाही.

या संदर्भात, ज्या डोंगररांगेलगत रोहिणखेड वसले आहे त्याच रांगेतील अजिंठ्याचे क्रमांक 16 चे लेणे विशेष विचारार्ह ठरते. वाकाटक नृपती हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने पाचव्या शतकात ते कोरविले. तेथील एका चित्रात मान कललेली, अर्धोन्मीलित नेत्रांची स्त्री आसनावर बसली असून दासी तिला सावरीत आहेत. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारख्या एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांना तीत मरणोन्मुख राजकन्या दिसली आणि तेच नाव रूढ झाले. पुढे हा प्रसंग बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याच्या कथेतील असल्याचे मानले गेले. नंदाने प्रव्रज्या घेतली, ही वार्ता त्याची पत्नी सुंदरी हिला कळली आहे. येथे मृत्यू कोणाचाच नाही. डावीकडे उभ्या सेवकाच्या हाती नंदाचा मुकुट तेवढा आहे.

ग्रीक वीराचे शिरस्त्राण आणि नंदाचा मुकुट यांचे कार्य एकच आहे : धारण करणारा आता परतणार नाही, हे सांगणे. परंतु अजिंठ्याच्या चित्रकाराने अधिक अवघड मार्ग पत्करला. नंद जिवंत आहे, म्हणून सुंदरीला विधवेचा शोकही उपलब्ध नाही. प्रचलित नावामुळे विद्यार्थी चित्रात आजार शोधतात आणि मुकुटाकडे त्यांचे लक्षच जात नाही. वर्गात हे चित्र दाखविताना नाव न सांगता आधी त्या सेवकाच्या हाताकडे बोट दाखविणे इष्ट होय.