कुलाब्याचें हरपलेलें स्थानक

पश्चिम उपनगरांतून रोज कचेरीसाठीं मुंबईस येणारा मनुष्य चर्चगेटला उतरतो आणि गाडी येथें संपते ही गोष्ट त्याला सूर्य पश्चिमेस मावळण्याइतकीच स्वाभाविक वाटते. पुढें रूळच नाहींत, मग गाडी जाणार कोठें? परंतु श्रोतेहो, अर्धशतकाहून अधिक काळ हे रूळ पुढें जात होते. चर्चगेट हें तेव्हां वाटेवरचें स्थानक होतें. शेवटचें स्थानक होतें कुलाबा.

बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया ही रेल्वे कंपनी १८५५ सालीं स्थापन झाली. लोक तिला बी. बी. सी. आय. म्हणत. तिचें काम सुरू झालें गुजराथेंत, आणि वसईची खाडी व वैतरणा ओलांडून तिची गाडी ग्रँट रोडला आली ती १८६४ सालीं. येथें थांबून मात्र कंपनीचें भागणारें नव्हतें. गुजराथचा कापूस हें तिचें मोठें भाडें, आणि कापसाचा बाजार १८४४ पासून भरत होता कुलाब्यास. मधल्या गिरगांवांत दाट वस्ती, त्यापुढें कोट. वाट मोकळी होती ती एकच, समुद्रकांठची.

ती वाट तयार व्हावयास एक विलक्षण योग जुळून आला. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या पैशाच्या पुरांत बॅक बेचा समुद्र हटवून जमीन विकणारी एक कंपनी निघाली. १८६५ सालीं युद्ध थांबलें, भाव कोसळले, कंपनी बुडाली. किनाऱ्यावर भरावाची जी पट्टी राहिली, ती रुळांच्या कामीं आली. त्याच सुमारास कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या. सेंट थॉमस चर्चकडे जाणारा दरवाजा गेला; त्याचें नांव तेवढें स्थानकाच्या पाटीवर उरलें.

१२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून बॅक बेपर्यंत पहिली लोकल धांवली. दिवसाला एकच गाडी! चर्चगेट स्थानक १८७० चें, कुलाबा १८७३ चें. त्या काळच्या उतारूला खिडकींतून थेट समुद्र दिसे, कारण मरीन ड्राइव्ह नव्हताच. (मरीन लाइन्स हें नांव मात्र समुद्राच्या देखाव्यावरून पडलेलें नाहीं, तेथें मरीन बटॅलियन या पलटणीची वसाहत होती.) कुलाब्यास १८९६ सालीं नवें मोठें स्थानक उभें राहिलें. चर्चगेटसमोर कंपनीची घुमटदार कचेरी १८९९ सालीं पुरी झाली. तिचे शिल्पकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स, म्हणजे बोरीबंदरचें स्थानक ज्यांनीं बांधलें तेच.

५ जानेवारी १९२८ रोजीं कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली, आणि ३१ डिसेंबर १९३० रोजीं कुलाबा स्थानक बंद झालें! तीन वर्षेंहि पुरतीं झालीं नाहींत. असें कां व्हावें?

गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकीर्दींत बॅक बेमध्यें पुन्हा समुद्र हटविण्याचा उद्योग आरंभला होता. योजना आठ खंडांची. खर्च बेसुमार वाढला. वीर नरिमन यांनीं या कारभारावर झोड उठविली, त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा खटला झाला, आणि ते निर्दोष सुटले. शेवटीं चारच खंड पुरे झाले. नव्या जमिनीवर इमारती उठावयाच्या तर मधून जाणारे रूळ अडचणीचे होते. शिवाय कापसाचा बाजारहि आतां शिवडीकडे चालला होता. बाहेरगांवच्या गाड्यांसाठीं क्लॉड बॅटली यांनीं आंखलेलें मुंबई सेंट्रल अवघ्या २१ महिन्यांत बांधून डिसेंबर १९३० मध्यें खुलें झालें, आणि चर्चगेट केवळ लोकलचें स्थानक झालें.

लांबच्या गाड्या तेथें नेल्या हें योग्यच झालें. लोकल कां तोडावी, हें मात्र मला पटलेलें नाहीं. जमिनीची किंमत पाहिली गेली, माणसांची ये-जा पाहिली गेली नाहीं. पुढें चर्चगेटच्या दक्षिणेस आणखी समुद्र हटवून नरिमन पॉइंट उभा राहिला. ज्यांनीं भरावाचा गैरकारभार उघड केला त्यांचें नांव भरावाच्याच जमिनीला! तेथें उंच कचेऱ्या झाल्या, पण रेल्वे आधींच काढून टाकलेली. चर्चगेटला उतरून भागीची टॅक्सी धरणें, बसच्या रांगेंत उभें राहणें किंवा उन्हांतून चालणें, हें लाखों नोकरदारांच्या नशिबीं आलें.

आज चर्चगेट पश्चिम रेल्वेचें टोक आहे. फलाट चारच. आलेली गाडी वळत नाहीं. तिचें शेपूट तेंच तोंड होतें, आणि कांहीं मिनिटांत ती परत निघते. येथून धीम्या व जलद गाड्या विरारपर्यंत आणि २०१३ पासून कांहीं थेट डहाणूपर्यंत जातात. केवळ स्त्रियांसाठीं संबंध गाडी १९९२ च्या मे महिन्यांत येथूनच बोरिवलीस निघाली. थंड हवेची लोकल आली ती २०१७ च्या डिसेंबरांत. दुपारपूर्वीं डबेवाल्यांच्या लांबट पाट्या स्थानकाबाहेर उतरतात, तेव्हां कोणाचा डबा कोणत्या कचेरींत जावयाचा याची वांटणी उभ्याउभ्या होते. ती पाहण्यासारखी असते. फक्त वाटेंत उभें राहूं नये.

कुलाबा स्थानकाच्या जागीं आतां रेल्वे अधिकाऱ्यांची बधवार पार्क ही वसाहत आहे. आणि रुळांचें म्हणाल, तर ऑक्टोबर २०२५ मध्यें भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोहोंचली. चर्चगेटला भुयारांत उतरून दक्षिणेकडची गाडी धरली कीं विधान भवन लागतें, आणि त्यापुढचेंच स्थानक कफ परेड. जुन्या कुलाबा स्थानकाची जागा तेथून फारशी लांब नाहीं.